अदलाबदलीच्या गोल सुया: सगळं त्या सांध्यावर आहे

विणकामाच्या गोल सुयांचा हा संच, म्हणजे सुट्या सुया आणि दोन सुयांच्या मध्ये स्क्रूसारख्या आट्यांनी जोडायची लवचीक केबल. तो घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आता तो बरेच महिने रोज हातात आहे. मध्यंतरी सोफ्यावरून अर्धवट पांघरूण उचललं, आणि उचलता उचलताच एक सुई केबलपासून निखळली. टाके भराभर ओघळले. साधी सुलट-उलट वीण असती तर क्रोशाच्या सुईने एकेक टाका वर चढवून घेता आला असता. पण हा जाळीचा नमुना होता. सुईवर दोरा घेऊन पाडलेली भोकं एकदा सुटली की कुठला दोरा कुठल्या ओळीतला, काही कळत नाही. एका हाताची रुंदी उसवावी लागली. फार वाईट वाटलं.

संच नेहमीसारखाच आहे: ३.५ ते ८ मिमीच्या लाकडी सुया, वेगवेगळ्या लांबीच्या केबली, टोकांना लावायच्या टोप्या, आवळायची किल्ली. सुया गुळगुळीत, टोकं छान निमुळती, लोकर घसरत नाही. मला बोलायचं आहे ते सुई आणि केबल जोडणाऱ्या पेराएवढ्या सांध्याबद्दल.

विणताना प्रत्येक टाक्यागणिक सुई बोटांत थोडी फिरते. केबल टाक्यांच्या भाराखाली असते, ती तितकी फिरत नाही. तो सगळा पीळ आट्यांवर येतो आणि आटे हळूहळू सुटतात. आधी केसाएवढी फट पडते. सांध्यापाशी टाका अडायला लागला, लोकरीचा एखादा तंतू तिथे ओढला गेला, की हातातलं थांबवून आधी सांधा बघावा. आवळायची रीत अशी: केबलीच्या टोकाशी असलेल्या भोकात किल्ली घालून केबल धरायची, सुई रबराच्या तुकड्यात पकडायची आणि मग फिरवायची. नुसत्या बोटांनी आवळलेलं टिकत नाही.

मी हे प्रत्येक बैठकीच्या आधी करत होते. तरीही एक केबल सुटतच राहिली. सुया बदलून पाहिल्या, तरी तीच सुटायची. त्याच सुया दुसऱ्या केबलीला लावल्या की घट्ट बसायच्या. म्हणजे दोष केबलीचा. कंपनीला तसं सविस्तर कळवलं, तर उत्तर आलं, "किल्लीने नीट आवळा." पुन्हा लिहिलं, व्हिडिओ पाठवला. मग म्हणाले, पूर्ण संच परत पाठवा. दोन विणकामं सुयांवर असताना अख्खा संच कसा पाठवणार? एका केबलीसाठी इतकी पत्रापत्री का करावी लागावी? मी हटले नाही. दुसरा संच विकत घ्यायचा नाही, हे मनाशी पक्कं होतं. चालणाऱ्या सुया टाकून देणं मला जमत नाही. शेवटी त्यांनी फक्त केबल पाठवली.

इथे माझं मत बदललं. नवी केबल फिरत्या सांध्याची निघाली. सुई फिरली की सांधा तिच्याबरोबर फिरतो, त्यामुळे पीळ आट्यांपर्यंत पोचतच नाही. तेव्हापासून ते जड पांघरूण याच केबलीवर आहे आणि एकदाही सुटलेलं नाही. केबल गुंडाळून येण्याचा जुना त्रासही आता या केबलीला नाही. साध्या केबली मात्र अजून वेटोळी घालतात. त्या गरम पाण्यात बुडवून, सरळ धरून गार होऊ द्याव्या लागतात.

आणि ज्या भोकात किल्ली घालतात, त्याचा खरा उपयोग मला त्या उसवण्यानंतर समजला. त्यातून बारीक, गुळगुळीत सुती दोरा ओवायचा आणि एक ओळ विणायची. दोरा आपोआप त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून जातो. पुढे काहीही सुटलं तरी उसवण त्या दोऱ्याशी थांबते. खुणेच्या कड्या मात्र आधी काढून ठेवा, नाहीतर दोरा त्यांच्यातूनही जातो आणि कड्या तिथेच अडकतात. जाळीचं काम करणाऱ्यांनी एवढ्या एका भोकासाठीसुद्धा हा संच घ्यावा, असं मी म्हणेन.

आणखी एक. माझी उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडते, त्यामुळे सपाट विणीत पट्टे दिसायचे. आता उलट ओळ विणताना जी सुई उजव्या हातात येते, ती एक माप लहान लावते. पट्टे गेले. केबलीला कायमच्या जोडलेल्या गोल सुईत हे शक्यच नव्हतं. रबराचा तो तुकडाही वाया जात नाही. जाड गोधडीला टाके घालताना रुतलेली सुई त्याने सहज ओढून निघते. गोधडी अजून अर्धीच आहे, ती गोष्ट वेगळी.

टोपी विणणाऱ्यांनी मात्र घेण्याआधी विचार करा. या सुया साधारण १२-१३ सेंमी लांब आहेत. ४० सेंमी घेराच्या गोलात त्या वळत नाहीत, मनगट अवघडतं. त्यासाठी आखूड सुया लागतात, त्या संचात नाहीत आणि वेगळ्या घ्याव्या लागतात. मी अजून घेतलेल्या नाहीत. टोपी आली की लांब केबलीचा मधला भाग टाक्यांमधून फासासारखा बाहेर ओढून विणते. वेळ जास्त जातो, पण काम होतं.