युनिटटेस्ट की पायटेस्ट : पायथॉनच्या चाचण्यांसाठी निवड करताना

नाशिक जिल्ह्यातील कांदा-व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टीची प्रणाली लिहिणाऱ्या आमच्या छोट्या चमूत नवा सहकारी आला की पहिल्याच आठवड्यात तो विचारतो, चाचण्या युनिटटेस्टमध्ये लिहायच्या की पायटेस्टमध्ये? पायथॉन भाषेत लिहिलेला कोड बरोबर चालतो का, हे तपासणाऱ्या चाचण्या लिहिण्याची ही दोन साधने. माझे उत्तर ठरलेले आहे : नवे काम पायटेस्टमध्ये करावे आणि जुन्या चाचण्यांना उगाच हात लावू नये. मात्र या उत्तराला काही अपवाद आहेत.

युनिटटेस्ट 2001 साली आलेल्या पायथॉन 2.1 पासून भाषेसोबतच मिळते. जावा भाषेतील जेयुनिट या चाचणी-साधनाच्या धर्तीवर ते बेतलेले असल्यामुळे प्रत्येक चाचणी टेस्टकेस या वर्गाच्या वारसाखाली लिहावी लागते, आणि पायथॉनमध्ये परकी वाटणारी सेटअप, असर्टइक्वल अशी नावेही तिथूनच आली आहेत. पण वेगळे काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही, हा त्याचा फायदा किरकोळ नाही. लासलगावच्या एका पेढीवरील संगणकाला इंटरनेटच नव्हते. तिथे जागेवर चाचण्या चालवून पाहण्याची वेळ आली तेव्हा युनिटटेस्टनेच काम भागवले.

चाचणी नापास झाल्यावर पडद्यावर काय दिसते, हा मला सर्वांत महत्त्वाचा फरक वाटतो. 23.45 क्विंटल कांद्याची 1,875 रुपये दराने रक्कम 43,968.75 रुपये होते. समजा, कोडने 75 पैसे गिळले. युनिटटेस्टमध्ये दोन आकडे सारखे आहेत का हे पाहणारे असर्टइक्वल वापरले असेल तर दोन्ही आकडे दिसतात, पण घाईत केवळ अट खरी आहे का एवढेच पाहणारे असर्टट्रू लिहिले असेल तर ‘फॉल्स हे ट्रू नाही’ एवढेच कळते. पायटेस्टमध्ये पायथॉनचे साधे असर्ट विधान पुरते. चाचणीची फाइल लोड होतानाच पायटेस्ट ते विधान आतून बदलून घेते, त्यामुळे कोणत्या फंक्शनने कोणता आकडा परत केला हे सविस्तर दिसते.

एकच नियम अनेक आकड्यांवर तपासायचा असतो, आणि हमाली, तोलाई, वाराई या कपातींमध्ये तो प्रसंग रोजचाच. युनिटटेस्टच्या सबटेस्टमध्ये, म्हणजे एकाच चाचणीतील उपचाचण्यांमध्ये, एक नोंद चुकली तरी पुढच्या तपासल्या जातात; पण मोजणीत ती एकच चाचणी राहते आणि त्यातली नेमकी एक नोंद वेगळी काढून चालवता येत नाही. पायटेस्टच्या पॅरामीटराइझमध्ये प्रत्येक नोंद स्वतंत्र चाचणी होते, आणि गेल्या वेळी नापास झालेल्या तेवढ्याच पुन्हा चालवता येतात.

पूर्वतयारीसाठी युनिटटेस्टकडे चाचणी, वर्ग आणि मॉड्यूल अशा तीन पातळ्या आहेत. पायटेस्टचे फिक्श्चर, म्हणजे पूर्वतयारी करून देणारे फंक्शन, संपूर्ण सत्रासाठी एकदाच चालवता येते, त्यामुळे डेटाबेसची जोडणी वारंवार उघडावी लागत नाही. मात्र कॉनफटेस्ट या फोल्डरातील सामायिक फाइलमधील फिक्श्चर कुठेही इम्पोर्ट न करता, केवळ नावावरून चाचणीत अवतरते. नवा माणूस ते आले कुठून हे शोधत बसतो, आणि तीन-चार फोल्डरांत अशा फाइली साचल्या की जुनाही शोधतो. मॉकची, म्हणजे चाचणीत खऱ्या वस्तूऐवजी नकली वस्तू ठेवण्याच्या साधनाची, चिंता नको, ते आवृत्ती 3.3 पासून पायथॉनसोबतच येते आणि दोन्हीकडे चालते.

पैशांच्या हिशेबात पायटेस्टचे अप्रॉक्स, म्हणजे दोन आकडे जवळपास सारखे असले तरी चालवून घेणारी तुलना, जपून वापरावे. त्याची मूळ सवलत दशलक्षात एक भाग, म्हणजेच सापेक्ष आहे. व्यापाऱ्याची दिवसाची बेरीज 4,00,000 रुपये असेल तर 40 पैशांपर्यंतचा फरक ते बिनबोभाट पास करते. युनिटटेस्टचे असर्टऑलमोस्टइक्वल फरक सात दशांश स्थळांपर्यंत तपासते, म्हणून तिथे ही चूक पकडली जाते. आम्ही रक्कम डेसिमल या अचूक दशांश प्रकारात ठेवतो आणि काटेकोर समानताच तपासतो, त्यामुळे या दोहोंचीही गरज पडत नाही.

जुन्या टेस्टकेस पायटेस्ट जशाच्या तशा चालवते, त्यामुळे स्थलांतर एका झटक्यात करण्याची गरज नाही. फक्त त्या वर्गांच्या मेथडमध्ये पॅरामीटराइझ चालत नाही आणि फिक्श्चर आर्ग्युमेंट म्हणून मागता येत नाही. तेव्हा जुन्या वर्गात नवी चाचणी घुसवण्याऐवजी ती शेजारी साधे फंक्शन म्हणून लिहावी, आणि ज्या दिवशी त्या वर्गातील नियमच बदलेल त्या दिवशी त्याचे रूपांतर करावे.