लिनिअर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

हॅम रेडिओचा लिनिअर, म्हणजे ट्रान्समिटचा सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर (अँप), बंद पडला की निम्मे लोक म्हणतात काढून टाक आणि निम्मे म्हणतात असा बांधीव माल आता मिळत नाही. दोघांचं ऐकू नका, आधी झाकण उघडून गेलंय काय ते बघा, कारण अँप किती जुना आहे यापेक्षा कुठला पार्ट गेलाय यावर सगळं ठरतं.

ट्यूबवाला असेल, म्हणजे आत ३-५००झेड किंवा ८११ए वगैरे व्हॅक्यूम ट्यूब असतील, तर माझं मत सरळ दुरुस्तीला. ट्यूब म्हातारी झाली तर सॉकेटमधून काढून दुसरी लावायची, विषय संपला. फिल्टर कपॅसिटर गळायला लागलेत? मग एखाददुसरा बदलून भागत नाही, ते सिरीजमध्ये असतात, एक शॉर्ट झाला की त्याचं व्होल्टेज बाकीच्यांच्या डोक्यावर बसतं, सगळा सेट बदला आणि त्यांना पॅरलल लावलेले रेझिस्टरही मोजून घ्या. आणि रिसीव्हला सिग्नल दबलेला येतो पण एकदा ट्रान्समिट मारलं की ठीक होतो, असं होत असेल तर बहुतेक रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत, एवढ्यासाठी कोणी नवा अँप घेतं का!

मात्र एचटी (हाय व्होल्टेज) ट्रान्सफॉर्मर जळाला किंवा आर्किंगने, म्हणजे आत ठिणग्या उडून, बँडस्विच (फ्रिक्वेन्सी बँड बदलायचा स्विच) खाल्ला असेल तर हात आवरा. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड होतो, पण खर्च आणि वजन दोन्ही अंगावर येतं, आणि बँडस्विच बऱ्याचदा त्या मॉडेलपुरताच बनवलेला असतो, मग तसाच दुसरा भंगार अँप शोधत बसा.

सॉलिड स्टेटचं, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाल्याचं, गणित उलटं. पंखा, सप्लाय, एखादा फिल्टर रिले गेला तर ठीक, पण एलडीमॉस (मुख्य पॉवर ट्रान्झिस्टर) उडाला तर तो बऱ्याचदा तांब्याच्या जाड प्लेटवर सोल्डर केलेला असतो, साध्या सोल्डरिंग आयर्नने ती प्लेट तापतच नाही. शिवाय तो ओव्हरड्राइव्हने (इनपुट जास्त दिल्याने) गेला की खराब एसडब्ल्यूआरने (अँटेना नीट मॅच नसल्याने), हे कळल्याशिवाय नवा टाकला तर तोही त्याच वाटेने जाणार. कंपनी अख्खा पॅलेट (ट्रान्झिस्टर बसवलेला तयार बोर्ड) देत असेल तर दुरुस्त करा, सर्किट डायग्राम पण मिळत नसेल तर नवा घ्या.

नव्या सॉलिड स्टेटमध्ये खरी सोय म्हणजे बँड बदलला की ट्यून-लोडची नॉब फिरवत बसावं लागत नाही. वॉटसाठी मात्र नवा घेऊ नका: ६०० वरून १२०० वॉट म्हणजे ३ डीबी, आणि एस-युनिट, म्हणजे सिग्नल मीटरवरचा एक आकडा, ६ डीबीचं, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर अर्धा एस.

जुना ठेवणार असाल तर अजून एक खर्च धरा. हीथकिट एसबी-२२० सारख्यांच्या कीइंग लाइनवर (ट्रान्सीव्हरकडून अँपला ट्रान्समिटवर आणणाऱ्या तारेवर) १०० च्या वर व्होल्ट असतात, नव्या ट्रान्सीव्हरला थेट जोडलं तर त्याचं कीइंग सर्किट जाऊ शकतं, मध्ये ते व्होल्टेज अडवणारं छोटं सॉफ्ट-की बोर्ड हवंच.

आणि हो, ट्यूब अँपमध्ये अडीच-तीन हजार व्होल्ट असू शकतात, ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) ओपन असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेलेच राहतात. एचटी डिस्चार्ज करायची सवय नसेल तर घरी उघडूच नका, जाणकाराकडे द्या, आणि त्याने हात वर केले तर पार्टसाठी विका. चांगल्या ट्यूब आणि धड ट्रान्सफॉर्मरला गिऱ्हाईक असतंच, नव्याचा थोडा भार तिथेच हलका होईल.