जेटस्टार एशियाचे शेवटचे सात महिने : नेहमीच्या प्रवाशाचा अनुभव

जानेवारी ते जुलै 2025 या काळात कामानिमित्त मी सिंगापूरहून मलेशियातल्या पिनांगला महिन्यातून दोनदा ये-जा केली आणि त्यातले बहुतेक प्रवास जेटस्टार एशिया या सिंगापूरच्या स्वस्त विमान कंपनीने झाले. ही कंपनी 31 जुलै 2025 रोजी बंद झाली, त्यामुळे हा अभिप्राय वाचून आता कोणी तिकीट काढणार नाही. तरीही इतके महिने जिच्या वेळापत्रकावर माझे काम बेतलेले होते, तिच्याविषयी नीट लिहून ठेवावे असे मनापासून वाटते.

विमान एअरबस ए320, आसने जवळजवळ, खाणेपिणे विकत. हातातल्या सामानाला 7 किलोची मर्यादा असल्यामुळे निघण्यापूर्वी मी घरीच लटकत्या वजनकाट्यावर पिशवी तोलत असे. लॅपटॉप, चार्जर, दोन दिवसांचे कपडे आणि घरच्या लाडवांचा एक डबा एवढे त्यात बरोबर बसे. सव्वा-दीड तासाच्या प्रवासाला याहून अधिक काही लागत नाही, असे माझे मत आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचे टर्मिनल 4 मात्र मेट्रोपासून दूर, शटल बसने गाठावे लागे. 2022 मध्ये या टर्मिनलमध्ये हलण्यास कंपनीने विरोध केला होता, पण अखेर मार्च 2023 मध्ये ती तेथे गेली.

माझे लक्ष खरे वेधून घेतले ते तिकिटाच्या पावतीने. सिंगापूरहून निघताना विमानतळाचे शुल्क आणि कर मिळून 60 सिंगापूर डॉलरहून अधिक होत, आणि सवलतीच्या काळात मूळ भाडे कधी कधी त्याहूनही कमी असे. लांबच्या महागड्या तिकिटात हा आकडा दिसतही नाही. स्वस्त आणि जवळच्या प्रवासात मात्र तोच सर्वांत जड होतो. कंपनीच्या इतिहासाकडे मी वळलो तो या पावतीमुळेच.

2004 या एकाच वर्षी सिंगापूरमध्ये तीन स्वस्त विमानसेवा सुरू झाल्या : मे महिन्यात व्हॅल्यूएअर, सप्टेंबरमध्ये टायगर एअरवेज आणि डिसेंबरमध्ये जेटस्टार एशिया. सिंगापूर एअरलाइन्समध्ये उच्चपदे भूषवलेल्या लिम चिन बेंग यांनी उभारलेली व्हॅल्यूएअर कमी भाड्यातही जेवण आणि सामानाची सोय देत असे. पण इंधन महागले, स्पर्धा तीव्र झाली आणि 2005 मध्ये तिला जेटस्टार एशियाशी हातमिळवणी करावी लागली. टायगर 2017 मध्ये स्कूट या दुसऱ्या स्वस्त विमान कंपनीत विलीन झाली. तिघींपैकी स्वतःच्या नावाने सर्वाधिक काळ टिकली ती जेटस्टार एशियाच, आणि इंडोनेशियातल्या लाबुआन बाजो किंवा ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमसारख्या छोट्या ठिकाणांना सिंगापूरशी थेट जोडण्याचे तिचे धाडस मला फार मोलाचे वाटते.

11 जून 2025 रोजी जेटस्टार एशिया बंद होण्याची घोषणा झाली. तेव्हा क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीकडे 49 टक्के आणि सिंगापूरच्या वेस्टब्रुक इन्व्हेस्टमेंट्सकडे 51 टक्के भाग होता. काही पुरवठादारांचे दर 200 टक्क्यांपर्यंत वाढल्याचे, तसेच विमानतळाचे वाढते शुल्क आणि तीव्र स्पर्धा यांचे कारण क्वांटासने दिले. तेरा विमाने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे वळवण्याचे ठरले. पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या मात्र गेल्या.

जुलैतल्या माझ्या अखेरच्या फेरीत सुरक्षेच्या सूचना नेहमीइतक्याच काळजीपूर्वक दिल्या गेल्या. उतरताना पुढच्या एक आजी दाराशी थांबून कर्मचारी मुलीचा हात बराच वेळ हातात धरून उभ्या होत्या, आणि मागे खोळंबलेल्या रांगेतून कोणीही त्यांना घाई केली नाही.

ऑगस्टपासून मी दुसऱ्या कंपनीने पिनांगला जातो. टर्मिनल बदलले, आसनाचे रंग बदलले. पावतीतला शुल्काचा आकडा तेवढाच आहे.