मोसंबीच्या बागेत बाष्पीभवन पात्र: सहा महिन्यांनंतर

अंबड तालुक्यात आमची बारा वर्षांची मोसंबी आहे. यंदा जानेवारीत आंबे बहाराचा ताण तोडला (म्हणजे फुलं यावीत म्हणून बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केलं), त्याच आठवड्यात बाष्पीभवन पात्र बसवलं. तोवर ठिबक रोज दीड तास चालायचं, फेब्रुवारी असो की मे.

पात्र म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची गोल, उथळ टाकी. व्यास 120.7 सेंटिमीटर, खोली 25, खाली लाकडी चौकट. आत मधोमध एक टोकदार सळई उभी असते. रोज सकाळी सात वाजता मापाने पाणी ओतायचं आणि पाणी सळईच्या टोकाला टेकलं की थांबायचं; जेवढं ओतलं तेवढं कालपासून उडून गेलं. या मापाच्या पात्रात 1 मिलिमीटर म्हणजे 1.14 लिटर.

फेब्रुवारीत पावणेसहा लिटर ओतावं लागायचं, म्हणजे 5 मिलिमीटर. मे महिन्यात 13.7 लिटर, म्हणजे 12! मिलिमीटरच्या या आकड्याला पात्राचा गुणांक 0.7 (पात्रातून पाणी जरा जास्तच उडतं म्हणून), मोसंबीचा पीक गुणांक 0.7 आणि झाडाच्या घेराचं क्षेत्रफळ (आमचं साडेबारा चौरस मीटर) यांनी गुणलं की झाडाची रोजची गरज लिटरमध्ये निघते: फेब्रुवारीत 31, मेमध्ये 73. दर झाडाच्या चार तोट्या मिळून तासाला 32 लिटर देतात, म्हणजे दीड तासात 48. म्हणजे आजवर फेब्रुवारीत काळ्या जमिनीत खोडाशी चिखल करून डिंक्या रोगाला बोलावणं धाडत होतो आणि मेमध्ये झाडं तहानलेली ठेवून फळगळीसाठी फवारण्या करत होतो. हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

त्रासही झाला. मार्चमध्ये ढगाळ दिवशीसुद्धा आकडा उतरेना. शेवटी पात्राखाली हात घातला तर चौकट ओली. वेल्डिंगचा सांधा झिरपत होता आणि आठवडाभर मी गळतीलाच बाष्पीभवन समजून पाणी देत होतो. नवीन पात्र आधी रात्रभर भरून, कोरड्या फरशीवर ठेवून बघा. पाखरं आणि कुत्री पाणी पितात, जाळी हवीच. हवामान खात्याच्या पात्रांवरही असते. जाळीने आकडा थोडा कमी येतो, एवढं लक्षात ठेवायचं. आणि पात्र उघड्या तापल्या खळ्यावर ठेवू नका, तिथे आकडा फुगतो. आम्ही ते बागेच्या कडेला गवतावर हलवलं.

आळ्यात उसाचं पाचट अंथरलंय, त्याने ओल टिकते, हे पात्राला कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा वीतभर खाली उकरून मूठभर माती दाबून वाफसा (ओल बेताची आहे ना) बघतोच.

जूनमध्ये पाऊस लागल्यापासून शेजारी पर्जन्यमापक ठेवलाय. पडलेला पाऊस हिशोबात धरतो, पण पात्र भरून वाहिलं की त्या दिवसाची नोंद सोडून देतो.