एअरसॉफ्टच्या एम४ मध्ये एसएचएसची हाय टॉर्क मोटर टाकली, तीन महिन्यांचा अनुभव

तीन महिने झाले, एअरसॉफ्टचे (खेळण्यातल्या गनने प्लॅस्टिकच्या गोळ्या मारायचा खेळ) पाच गेम झाले, आता लिहायला हरकत नाही. मोटर आहे एसएचएस कंपनीची हाय टॉर्क, म्हणजे जास्त जोराची, लाँग टाइप, म्हणजे लांब शाफ्टची, साडेतीन हजार येनच्या आसपास पडली, आणि माझ्या एम४ मध्ये, म्हणजे एम४ रायफलसारख्या दिसणाऱ्या एअरसॉफ्ट गनमध्ये, ती एकदम मस्त चाललीय. पण नुसतं मस्त आहे घ्या असं लिहून सोडणार नाही, कारण ही मोटर घ्यायच्या आधी मी जे दोन आठवडे तपासत बसलो होतो ते जास्त कामाचं आहे, आणि इथे टोकियोच्या निशिकासाईमधली आपली जी दोन-तीन पोरं नवीन नवीन खेळायला लागलीत ती सगळी गन जरा हळू झाली की पहिलं मोटरच बदलायला निघतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एईजी म्हणजे बॅटरीवर चालणारी एअरसॉफ्ट गन, टोकियो मारुई कंपनीने १९९१ साली फामास नावाची गन काढली तिथून हे सुरू झालं. ग्रिपमध्ये छोटी डीसी मोटर असते, ती तीन गिअर फिरवते, शेवटचा गिअर पिस्टन मागे ओढतो, गिअरचे दात संपले की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते आणि त्या हवेने ६ मिमीची गोळी बाहेर जाते. नेहमीचे गिअर साधारण १८:१ चे असतात, म्हणजे एका गोळीसाठी मोटर अठरा-एकोणीस वेळा फिरते. म्हणजे बघा, सेकंदाला १७ गोळ्या हव्या असतील तर लोड घेऊन मिनिटाला जवळजवळ १९ हजार फेरे, एवढ्याशा मोटरीचे!

आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो, मोटर बदलून गोळीचा वेग वाढत नाही. वेग स्प्रिंग, सिलिंडर आणि बॅरल ठरवतात. जपानमध्ये ०.९८ ज्यूलची लिमिट आहे, २००६ च्या कायदादुरुस्तीपासून, म्हणजे ०.२० ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला ९९ मीटरच्या आतच राहायचं, त्याच्या वर गेलात तर ती गन नुसती जवळ ठेवणंही गुन्हा आहे. माझी आधी ९१ दाखवत होती, मोटर बदलल्यावरही ९१. बदलतं ते फायरिंगचा रेट आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्रिगर दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ.

आता माझ्या गनचं काय झालं होतं. सेकंडहँड घेतलेली, कंपनीचं नाव घेत नाही. सेमीवर, म्हणजे एका दाबाला एकच गोळी जाते त्या सेटिंगवर, ट्रिगर दाबला की आधी काहीच नाही, मग एकदम खट्. कधी कधी दोनदा दाबावा लागायचा. इन्झाईच्या फील्डवर एका गेममध्ये समोरचा माणूस मला दिसला, मी दाबला, गन झोपली, त्याने मला टिपलं, हिट म्हणून हात वर करून मी बाहेर. त्या रात्रीच मोटर ऑर्डर करणार होतो, कार्टमध्ये टाकलीही होती.

तेवढ्यात इचलकरंजीला मामाला फोन लागला. मामाचं तिथे मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, लूमच्या मोटरी, पाण्याचे पंप, घराघरातले मिक्सर, तीस वर्षं हेच करतोय. त्याला गन म्हटल्यावर आधी दहा मिनिटं समजावावं लागलं की बाबा खेळण्यातली आहे, मग म्हणाला, "आधी कार्बन बघ की रे लेका, आणि कार्बनच्या आधी वायर बघ. मोटर काय, कवाबी बदलशील." कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे. मी कार्ट तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अकिहाबाराला जाऊन अकिझुकी या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, घेऊन आलो.

मल्टिमीटर हा खरा हिरो आहे बरं का. बॅटरी माझी ७.४ व्होल्टची लायपो, फुल चार्जला ८.४ दाखवते ते बरोबर. मग ट्रिगर दाबून धरून बॅटरीपाशी व्होल्टेज मोजलं आणि मोटरच्या टर्मिनलपाशी मोजलं, तर मध्ये जवळजवळ एक व्होल्ट गायब! एवढा ड्रॉप म्हणजे कुठेतरी काँटॅक्ट खराब. बघितलं तर बॅटरीचा तो छोटा टामिया कनेक्टर, आतल्या पिना सैल झालेल्या आणि प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, म्हणजे गरम होत होता. तो कापून टी-प्लग हा दुसरा कनेक्टर लावला, सोल्डर नीट केलं, आणि गन लगेच सुधारली. मी फोनवर आवाज रेकॉर्ड करून ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे उंचवटे मोजतो, सेकंदाला ११ गोळ्यांवरून १३ वर आली, फक्त एका कनेक्टरने. मोटर घेऊन बसवली असती तरी तो एक व्होल्ट तिथेच जात राहिला असता ना.

पण सेमीवरचं झोपणं गेलं नव्हतं. मग मोटर बाहेर काढली, ग्रिपच्या खालच्या प्लेटचे स्क्रू काढले की येते, बॅटरी आणि मॅगझिन आधी काढायचं हे सांगायला नको पण सांगतोच. मोटर हातात घट्ट धरून डायरेक्ट बॅटरीला लावली तर कधी सुरू व्हायची, कधी नुसती गुं करून थांबायची आणि शाफ्टला बोटाने जरा ढकललं की पळायची. हे लक्षण लक्षात ठेवा. मोटर बाहेर झकास पळते आणि गनमध्ये अडकते, तर दोष गिअरबॉक्समध्ये किंवा मोटरच्या उंचीत आहे. बाहेरही अडकते तर मोटरच गेलीय. माझी बाहेरही अडकत होती. कार्बन एका बाजूने तिरके झिजलेले, कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग, काळा आणि त्यावर चरा पडलेला. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि कापसाच्या काडीने पुसून बघितलं, थोडा फरक पडला. पण आतल्या तीन कॉइलपैकी एकीचं वार्निश काळं पडलेलं होतं आणि वास तर मी लहानपणापासून ओळखतो, मामाच्या दुकानात उन्हाळ्याच्या सुट्टीत तोच वास असायचा. मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, म्हणाला जळालंय, संपला विषय.

का जळालं असेल? टीममधले एक पन्नाशीचे जपानी काका आहेत, गेली पंचवीस वर्षं गन उघडतायत, त्यांनी सांगितलं ते मला पटलं. मोटर सगळ्यात जास्त करंट खेचते ती सुरू होताना, एकदा फिरायला लागली की करंट उतरतो. आणि सेमीवर प्रत्येक गोळीला मोटर नव्याने सुरू होते. इथली बरीच फील्ड सेमीच चालवतात, त्यात आधीच्या मालकाने धडाधड बोट चालवलं असेल आणि मोटर साध्या फेराइट मॅग्नेटची, तापत गेली. लोकांना वाटतं फुल ऑटोने, म्हणजे सलग गोळ्या मारून, मोटर मरते, पण सेमीचा मार जास्त असतो.

म्हणूनच मी हाय स्पीड न घेता हाय टॉर्क घेतली. आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागावर, तारेचे वेढे कमी तर मोटर पळते जास्त पण करंट खाते आणि जोर कमी, वेढे जास्त तर उलटं. मला सेकंदाला तीस गोळ्या नकोत, मला दाबल्या दाबल्या एक गोळी हवी. एसएचएसच्या या मोटरीत निओडिमियम मॅग्नेट आहेत, हातात घेऊन शाफ्ट फिरवला तरी कळतं, बोटाला टप्प्याटप्प्याने खेचल्यासारखं लागतं. टेबल मात्र पुसून घ्या, लोखंडाचा बारीक कीस असेल तर ही मोटर सगळा ओढून घेते.

बसवताना लाल वायर प्लसच्या खुणेलाच. उलटी लावली तर मोटर उलटी फिरायला बघते, गिअरबॉक्समधला लॅच तिला फिरू देत नाही आणि मोटर जागच्या जागी तापते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथे मी पहिल्या दिवशी घाम गाळला, मोटरची उंची. ग्रिपच्या तळाला एक छोटा स्क्रू असतो, तो मोटरला वर-खाली करतो म्हणजे पिनियन (मोटरच्या टोकाचा छोटा गिअर) आणि बेव्हल गिअर (त्याला लागणारा पहिला गिअर) यांचे दात किती घट्ट बसतात ते ठरतं. मी जुन्या मोटरच्याच जागेवर ठेवून चालवली तर मिक्सरमध्ये खडीसाखर टाकल्यासारखी किंचाळली! घाबरून लगेच बंद केली. मोटर-मोटरमध्ये मिलिमीटरच्या काही भागाचा फरक असतो, तेवढा पुरतो. मग स्क्रू पूर्ण सैल करून, पाव-पाव फेरा घट्ट करत, प्रत्येक वेळी दोनच गोळ्यांएवढं चालवून कान लावून ऐकत गेलो. सैल असताना खडखड येते, त्यावर चालवत राहिलात तर दात झिजतात, घट्ट असताना बारीक शिट्टी येते आणि मोटर तापते, आणि मध्ये एक जागा येते जिथे आवाज एकदम कोरडा आणि आखूड होतो. तिथे थांबलो, स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला म्हणजे हलला तर कळेल. तीन महिन्यांत हललेला नाही.

आता रिझल्ट. ७.४ वरच सेकंदाला १७. पण आकड्यापेक्षा सेमीचा फील सांगतो, दाबलं की सुटलं, मधली ती पोकळी गेली. दोनशे-अडीचशे गोळ्या सेमीवर मारून ग्रिपला हात लावला तर कोमट, आधी याच्या निम्म्यातच हात काढून घ्यावा लागायचा. एका मित्राची ११.१ व्होल्टची बॅटरी लावून बघितली, तर सेमीवर मधूनच दोन गोळ्या जायला लागल्या, मोटर एवढ्या वेगात असते की थांबता थांबता गिअर पुढे सरकतो. ब्रेकवाला मॉसफेट, म्हणजे गोळी सुटली की मोटर लगेच थांबवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, नसेल तर ७.४ वरच राहा, या मोटरीला तेवढं पुरेसं आहे.

ब्रशलेस मोटर घ्यावी का असं दोघांनी विचारलं. कार्बनच नाहीत म्हणजे झिजायची भानगड नाही हे खरं, पण किंमत कितीतरी पट आणि महिन्यातून एकदा खेळणाऱ्याला एवढं लागत नाही असं माझं मत. त्यापेक्षा चांगली वायर आणि कनेक्टर लावा. आणि तुमची गन मारुईची स्टॉक, म्हणजे आत काहीही न बदललेली, असेल, व्यवस्थित चालत असेल, तर काहीही बदलू नका, खरंच सांगतो, ती आहे तशी छान असते.

जुनी मोटर मी टाकलेली नाही. दिवाळीला इचलकरंजीला जाणार आहे तेव्हा मामाने आर्मेचर घेऊन ये म्हटलंय, तारेचं गेज मोजून, वेढे मोजून परत भरून देतो म्हणाला, एवढी बारीक त्याने आजवर भरलेली नाही.