कूलर चालू ठेवून ऐकायचं तर: बंद कपाचे तीन हेडफोन

मे महिन्यात लातुरात ओपन-बॅक, म्हणजे मागून जाळीदार, हेडफोन लावून बसायचं म्हणजे कूलर ऐकायचा. गाणं त्याच्या मागून कुठूनतरी येतं. म्हणून परभणीचा मित्र म्हणाला, 'बंद कपाचेच घेतो, पण आवाज डब्यातला नको बाबा,' तेव्हा त्याची अडचण लगेच कळली. त्याच्या यादीत तीन नावं होती: सेनहायझर एचडी 820, फोकल स्टेलिया आणि डॅन क्लार्क ऑडिओचा स्टेल्थ. तिन्ही लाखांच्या घरातले.

आधी डब्याचं बघू. हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा हलला की जेवढा आवाज कानाकडे येतो, तेवढाच मागेही जातो. ओपन-बॅकमध्ये तो जाळीतून निघून जातो. बंद कपात भिंतीवर आपटून परत येतो. वेरूळच्या 10 नंबरच्या लेण्यात, सुतार झोपडीत, कुणी एक सूर लावला तरी तो दगडी वाशांखाली रेंगाळतो. तिथे अंगावर काटा येतो. कानाला चिकटलेल्या वाटीत तेच झालं की टाळ उगाच किणकिणत राहतात. पडद्यापासून कपाची भिंत 3 सेंटिमीटरवर धरली, तर ही घूम साधारण 5,700 हर्ट्झला (सेकंदाला तेवढी कंपनं) पकडते, म्हणजे 'स' आणि 'श' जिथे ऐकू येतात त्याच पट्ट्यात.

एकदा मी जुन्या स्वस्त हेडफोनचे कप उघडून त्यात गादीतला कापूस भरला. कापूस आपल्याकडे काय कमी आहे! पहिल्या चिमटीला घूम उतरली, तिसरीला डग्गा कोरडा पडला. महागड्या कंपन्या हाच तोल सांभाळतात, फक्त प्रत्येकीची युक्ती वेगळी.

एचडी 820 (2018) मध्ये कपाला आत वळलेली काच आहे. मागचा आवाज तिच्यावरून कडेच्या शोषक कप्प्यांत वळवायचा, ही कल्पना. बंद कपाच्या मानाने आवाज फार मोकळा, पण प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत 300 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. पुरुषी गळ्याची छाती तिथेच असते, त्यामुळे भजन ऐकणाऱ्याने जपून.

स्टेलिया (2019) मध्ये बेरिलियम या हलक्या धातूचा 40 मिलिमीटरचा पडदा आणि कपाच्या आत आवाज विखुरणारे व शोषणारे तुकडे आहेत. खालचा सूर भरदार, ठेका जिवंत. थोडा रंग चढवतो, पण संबळ ऐकताना मला तो रंग खटकत नाही.

स्टेल्थ (2021) ची युक्ती मला सगळ्यात आवडते. पडदा आणि कान यांच्यामध्ये बारीक पोकळ्यांचा एक थर बसवलाय. वरच्या पट्टीतली घूम तो कानापर्यंत पोचण्याआधीच गिळतो. ट्यूनिंग हार्मन टार्गेटच्या जवळ जातं. हार्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून 2013 च्या सुमारास काढलेला, कुठल्या सुराला किती जोर हवा ते दाखवणारा हा आलेख. 3,000 हर्ट्झजवळ त्याला चढ आहे, कारण आपला कानच तिथला आवाज वाढवतो. आलेख सरळ रेषेत असला म्हणजे आवाज नैसर्गिक, असं म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे दुर्लक्ष करा.

आता खर्चाची दुसरी बाजू. ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा. 35 ओहमचा स्टेलिया फोनला लावलेल्या छोट्या डॅकवरही (फोनमधले आकडे आवाजाच्या विजेत बदलणारी डबी) वाजतो. 300 ओहमच्या एचडी 820 ला जास्त व्होल्टेज हवं. स्टेल्थ 23 ओहमचा असला तरी सुस्त आहे, दमदार अँपशिवाय, म्हणजे अँप्लिफायरशिवाय, जागा होत नाही.

आणि चष्मा! काडीमुळे पॅडखाली एवढीशी फट राहिली तरी खालचा सूर (बास) तिथून पळतो, मग मागे काच असो की कापूस. मित्राला चष्मा आहे, तेव्हा दुकानात ऐकायला जाताना तोच घालून जा म्हटलं. कूलरची पाण्याची सळसळ या कपांनी बरीच कमी होते. पंख्याची खालची घरघर मात्र थोडी येतेच, आणि चामड्याच्या किंवा तशाच नकली चामड्याच्या पॅडखाली कान भिजतात ते वेगळं.

एवढे पैसे नकोत म्हणणाऱ्याने बायरडायनॅमिकचा 80 ओहमचा डीटी 770 प्रो बघावा. वरचा सूर जरा तिखट, पण पॅड मखमली कापडाचे, उन्हाळ्यात सुसह्य.

मित्राकडे अँप नाही आणि तो भजनातच रमतो. मी त्याला स्टेलिया सांगितला. अँप असता तर स्टेल्थ म्हटलं असतं.