रविवार सकाळचं होम मैदान की नवी पेठेची संध्याकाळ?

आमच्या सायकलवाल्यांच्या गटात महिनाभर एकच वाद चाललाय. सोलापुरातला एक रस्ता काही तास गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळा करायचा, इथपर्यंत सगळे राजी आहेत. घोडं अडलंय ते कुठला रस्ता आणि कुठली वेळ यावर. एक बाजू म्हणते, पार्क चौक ते होम मैदान, रविवारी सकाळी. दुसरी म्हणते, नवी पेठ, संध्याकाळी, ऐन बाजारात. तुमच्या मंडळातही हा विषय निघाला असेल, तर आमची भांडणं तुमच्या कामाला येतील.

सकाळवाल्यांचा आदर्श बोगोटा. कोलंबियाच्या या राजधानीत १९७४ पासून ही प्रथा आहे, आणि आता दर रविवारी नि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते गाड्यांविना असतात. गुरुग्रामने नोव्हेंबर २०१३ मध्ये राहगिरी सुरू केली ती हेच बघून. फक्त बोगोटा आहे अडीच हजार मीटरहून जास्त उंचीवर. तिथे दुपारी दोनपर्यंत सायकल चालवून माणूस वाळत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नऊ वाजताच डांबराची धग पायाला लागते. म्हणून सोलापूरची वेळ सहा ते नऊ, त्यापुढे एक मिनिट नाही. उन्हाळ्यात तर साडेआठलाच आवरतं घ्यावं.

जागा म्हणून होम मैदानाचा पट्टा उत्तम. एका बाजूला भुईकोट, जवळच सिद्धेश्वर तलाव, सकाळी फिरायला येणारे लोक आधीच तिथे असतात. दुकानं उघडलेली नसतात, त्यामुळे व्यापाऱ्यांची समजूत काढायचा प्रश्नच नाही. अडचण आहे ती सिव्हिल हॉस्पिटलकडे जाणाऱ्या वाटांची. रुग्णवाहिकेला एक बाजू पूर्ण मोकळी ठेवावी लागेल, आणि रुग्णालयाच्या परिसरात शांतता क्षेत्र असल्यामुळे तिकडच्या टोकाला झुंबासाठी स्पीकर लावायचा विचार डोक्यातून काढून टाकावा. जानेवारी तर सोडाच. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा मैदान पाळण्यांचं आणि दुकानांचं असतं.

या पर्यायाचं खरं दुखणं वेगळं आहे. सकाळी सहाला हेल्मेट घालून गिअरची सायकल घेऊन कोण येणार? ज्यांच्या घरी गाडी आहे तेच. चादरीच्या कारखान्यावर साधी सायकल दामटत जाणारा कामगार, विड्यांचं काम घेऊन पायी ये-जा करणारी बाई, यांना रस्ता हवा असतो कामाच्या दिवशी. रविवारी त्यांना झोप हवी असते.

इथे नवी पेठ बाजी मारते. तिथे सगळे थर येतात, पायीच हिंडतात, आणि दोन्ही बाजूंनी लावलेल्या दुचाक्यांमधून अंग चोरत वाट काढतात. पुण्याने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला, तो असाच भरल्या बाजारातला. दिल्लीत चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ पासून दिवसा मोटारगाड्यांना बंद आहे. म्हणजे बाजारात हे होतच नाही असं नाही. पण त्यासाठी पार्किंगची पर्यायी जागा, माल उतरवायची ठरावीक वेळ आणि प्रत्येक दुकानदाराशी चार-चार बैठका लागतात. सायकल तर त्या गर्दीत हातात धरूनच न्यावी लागेल, तेव्हा सायकलवाल्यांसाठी हा पर्याय जवळपास बादच.

‘गाड्या बंद केल्या की शहर ठप्प होतं’ हे वाक्य दोन्ही पर्यायांत ऐकायला मिळेल. संक्रांतीच्या सुमारास याच यात्रेत सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) ६८ लिंगांच्या वाटेवर मिरवणुकीने निघतात, तेव्हा तीच माणसं रस्त्यावर रांगोळ्यांच्या कडेने उभी असतात आणि ठप्प झाल्याची तक्रार कुणी करत नाही. मुद्दा सवयीचा आहे. म्हणून वर्षातून एकदा, २२ सप्टेंबरला, फोटोपुरता कार-फ्री डे करण्यात मला तरी रस नाही.

आणि हो, ‘कार-फ्री’ हे नावच सोलापुरात फसवं आहे. आमच्यातले एक अण्णा पहिल्याच बैठकीत म्हणाले, “कार बंद करून काय करता बे? कट तर मोटारसायकलवालाच मारतो.” खरंय. दुचाकी आणि रिक्षा आत राहिल्या तर लहान मुलाचा हात सोडता येणार नाही. सूचनेत ‘वाहनमुक्त’ लिहा आणि दोन्ही टोकांना बॅरिकेडपाशी पोलिसांबरोबर आपली माणसंही उभी करा.

माझं मत होम मैदानाला. त्याचं कारण सोय आहे, आणि ते लपवत नाही: पोलीस आयुक्तालयाची वाहतुकीची अधिसूचना आणि महापालिकेची झाडलोट एवढं जमलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरुवात होते. पण तुमचं मंडळ नवी पेठेच्या आसपासचं असेल, दुकानदार तुमचेच काका-मामा असतील, तर तुम्ही तिकडेच जा. आमच्याकडून जे होणार नाही ते तुम्हाला चहाच्या एका कपावर जमेल.

आमचं ठरलं तर गड्डा उठल्यावर, फेब्रुवारीत. कामगारांच्या मुलांसाठी दहा-बारा जुन्या सायकली दुरुस्त करून तिथे मोफत चालवायला ठेवायच्या, एवढी एक अट मी घातली आहे. पंक्चरवाला शोधायचं कामही त्यामुळे माझ्याच गळ्यात पडलंय.